खवले झडल्यावर उरतो तो पतंग

कामगंध सापळ्यातला, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष लावून नर पकडणाऱ्या सापळ्यातला पतंग बघवत नाही. नरसाळ्याखाली बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत तो रात्रभर फडफडत राहतो. सकाळी पिशवीची गाठ सोडली की आधी चिमूटभर करडी भुकटी निघते, आणि मग पंख विरलेले, पाठीवर टक्कल पडलेले काही जीव. हरभऱ्यात हा सापळा घाटेअळीच्या पतंगासाठी लावतात, कपाशीत गुलाबी बोंडअळीच्या. गुलाबी बोंडअळीचा हिशेब तर ठरलेला आहे: एका सापळ्यात रोज ८ पतंग, तेही सलग ३ दिवस, की फवारणीची वेळ आली असं समजायचं. २०१७ साली विदर्भातल्या कपाशीची या अळीनं जी दशा केली ती ज्यांनी पाहिली आहे, ते ही मोजणी हसण्यावारी नेत नाहीत. पिशवीत काय पडलंय यावर औषधाचा खर्च ठरतो, आणि ओळखायचं असतं ते नेमकं नक्षी पुसल्या गेलेल्या पतंगाला. शिवाय सापळ्यात ठेवलेल्या त्या वासाला चुलत जातीचे नरही कधीमधी येतात, काही नुसतेच आडोशाला म्हणून शिरतात.

पतंग ओळखायला शिकायचं असेल तर या पिशवीपासून सुरुवात करावी, असं माझं मत झालं आहे. रात्री दिव्यासमोर लावलेल्या चादरीवर नुकत्याच येऊन बसलेल्या ताज्या, रंगीत पतंगापासून नव्हे. ताज्या पतंगाचा रंग डोळे भरून टाकतो आणि माणूस चित्राशी चित्र जुळवू लागतो. पुस्तकातलं हे चित्र तसं दिसतं, तो फोटो तसा दिसतो, म्हणजे हाच. अशा जुळवाजुळवीत शिरा, मिशा, तोंड, पायांवरचे काटे, पंखांची जोडणी यांच्याकडे बघायचं राहूनच जातं.

पंखाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच. असतो तो खवल्यांचा. हे खवले म्हणजे चपटे झालेले केसच. ते एकमेकांवर अर्धे चढून ओळीनं बसलेले असतात आणि बोट लागलं की सुटून येतात. पतंगाला याचा फायदाही आहे. कोळ्याच्या जाळ्यात अडकला तर तो थोडे खवले जाळ्याला देऊन निसटतो. खवल्यांखाली असतो पारदर्शक पापुद्रा आणि त्याला ताणून धरणाऱ्या शिरा. हे सगळ्यात सोप्या रीतीनं बघायचं असेल तर दारातल्या अनंताच्या झाडावर लक्ष ठेवावं. सेफोनोडिस हायलस नावाच्या हॉक मॉथच्या हिरव्या, शेपटाला शिंग असलेल्या अळ्या त्यावर वाढतात. कोषातून बाहेर येतो तेव्हा या पतंगाच्या पंखांवर करडट खवले असतात. पहिल्याच उड्डाणात ते झडून जातात आणि मग आयुष्यभर तो काचेसारख्या पंखांनी, भर दिवसा, फुलापुढे तरंगत मध पीत फिरतो. त्याचे पंख म्हणजे शिरांचा उघडा नकाशा.

इतर पतंगांच्या बाबतीत हा नकाशा बघायला एक साधी युक्ती आहे. दिव्याखाली सकाळी मरून पडलेला पतंग घ्यायचा आणि पंखाच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब सोडायचा. खवले भिजतात, पंख पारदर्शक होतो आणि मिनिटभर सगळ्या शिरा लख्ख दिसतात. स्पिरिट उडालं की पंख पुन्हा पहिल्यासारखा. पंखाच्या मुळापासून मध्यापर्यंत शिरांनी वेढलेला एक बंद कप्पा असतो. त्याच्या बाहेरच्या टोकापासून शिरा फुटून पंखाच्या काठापर्यंत जातात. मागच्या पंखावर या कप्प्याच्या खालच्या कोपऱ्याशी किती शिरा एकत्र येतात ते मोजायचं. तीन ठळक शिरा असतील तर तो बहुधा नॉक्टुइडी कुळातला, म्हणजे घाटेअळी आणि लष्करी अळ्यांच्या घराण्यातला. चौथीही तितकीच ठळक असेल आणि तिथूनच निघत असेल तर बहुतेक वेळा एरेबिडी. ही दोन्ही कुळं दिसायला इतकी सारखी की गेल्या शतकात ती एकाच नावाखाली नांदत होती. फूट पडली ती या दोन दशकांत, जनुकांच्या अभ्यासानं. पण शिरेतला तो फरक जुन्या लोकांनी आधीच टिपून ठेवलेला होता.

हे जुने लोक म्हणजे जॉर्ज हॅम्पसनसारखे. निलगिरीत चहाचा मळा करायला आलेला हा माणूस पतंगांच्या नादाला लागला आणि १८९२ ते १८९६ या काळात त्यानं ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. त्यातली चित्रं बघण्यासारखी आहेत. एका बाजूच्या पंखांवर नक्षी आणि दुसऱ्या बाजूच्या पंखांवर नुसत्या शिरा, शेजारी डोकं आणि मिशी वेगळी काढून दाखवलेली. पाचवा खंड, फक्त हॉक मॉथचा, १९३७ साली बेल आणि स्कॉट यांनी लिहिला. बेल मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होते, कारवारला राहिले, आणि अळ्या पाळून, त्यांची झाडं शोधून, कोषातून पतंग बाहेर काढून त्यांनी ही माहिती जमवली. हॅम्पसनचं वर्गीकरण आता बरंचसं मोडीत निघालंय. तरी मला त्याची ती शिरांची चित्रं आजच्या झगझगीत फोटोंपेक्षा जास्त उपयोगी वाटतात, कारण कुठे बघायचं ते ती बोट ठेवून सांगतात.

चादर लावली की मी आधी पतंगांचं बसणं बघतो. जिओमेट्रिडी कुळातले चारही पंख पसरून पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि त्यांच्या पुढच्या पंखावरची रेघ बरेचदा मागच्या पंखावर तशीच चालू राहते. हॉक मॉथ पुढचे अरुंद पंख मागे वळवून त्रिकोण करतो. टेरोफोरिडी कुळातला पिसं पतंग पंख गुंडाळून काटकोनात ताणतो आणि इंग्रजी टी अक्षर उमटल्यागत दिसतो. घाटेअळीचा पतंग पाठीवर उतरतं छप्पर करतो. एवढ्यावरूनच चादरीवरच्या अर्ध्या गर्दीची घराणी लागतात, अंतर ठेवून, कुणाला हातही न लावता.

मिशांकडे लोक निदान बघतात तरी, फुलपाखराच्या टोकाला गाठ असते आणि पतंगाच्या नसते एवढं शाळेत शिकवलेलं असतं म्हणून. टसरच्या पतंगाची, म्हणजे अँथेरिया मायलिटाच्या नराची मिशी भिंगाखाली धरली की ती निव्वळ नाक आहे हे पटतं. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना दाट फांद्या, त्या फांद्यांवर वास टिपणारे बारीक केस. मादीची मिशी तशीच पण अरुंद, कारण तिला नुसतं बसून वास सोडायचा असतो. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पाळणारी ढिवर समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मिशी आणि पोट बघूनच नर-मादी वेगळे करत आली आहेत. या पतंगाचं तोंड मात्र जवळजवळ नाहीच. तो काही खात नाही. अळीनं साठवलेल्या चरबीवर थोडे दिवस जगतो. चारही पंखांवर एकेक डोळा आणि डोळ्याच्या मधोमध एक खिडकी, तिथे खवला नाही, नुसता पापुद्रा. दिव्यासमोर धरलं तर उजेड आरपार येतो.

पुढचा आणि मागचा पंख उडताना एकत्र कसा हलतो, याचं उत्तर मला या सगळ्या शरीररचनेत सर्वांत सुंदर वाटतं. तंबाखूची पानं खाणाऱ्या अळीचा, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युराचा पतंग पावसाळ्यात दिव्याखाली हमखास मरून पडलेला असतो. तो उताणा करावा, सुईनं पुढचा पंख जरा वर उचलावा आणि दहापट भिंग लावून दोन पंख छातीला मिळतात त्या खोबणीत बघावं. मागच्या पंखाच्या मुळापासून एक ताठ, चकचकीत, काळपट-पिवळा काटा पुढे आलेला दिसतो. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला पापुद्र्याचीच एक चिमुकली घडी असते आणि काटा तिच्यात अडकलेला असतो, ब्लाउजचा हूक काजात बसावा तसा. सुई हळूच ओढली की काटा घडीतून सरकतो, बाहेर मात्र येत नाही. हा झाला नर. मादीत एका जाड काट्याऐवजी दोन-तीन बारीक काट्यांचा झुबका असतो आणि त्यांना अडकवणारी जागाही वेगळी, थोडी मागे, राठ खवल्यांची. त्यामुळे पोट वाळून गळून गेलं, मिशा तुटल्या, नक्षी पुसली गेली, तरी या एका सांध्यावरून नर की मादी ते सांगता येतं. कामगंध सापळ्यात फक्त नरच यायला हवेत. तिथे झुबकेवाली मादी सापडली तर ती वासाला आलेली नाही हे उघड आहे, तिला मोजणीत धरू नये. टसरच्या पतंगात हा काटा नाही. तिथे मागच्या पंखाचा खांदाच इतका रुंद असतो की पुढचा पंख त्यावर रेलतो आणि काम भागतं.

आमच्याकडे वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात ज्या पतंगाचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, तो फळातला रस शोषणारा. आंबिया बहाराची फळं भरत आली की, सप्टेंबर-ऑक्टोबरात, अंधार पडल्यावर हा बागेत उतरतो. फळावर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं, दाबलं तर त्यातून रस उडतो, भोवती साल मऊ आणि तपकिरी पडते आणि दोनचार दिवसांत फळ गळतं. एकदा संध्याकाळी शेजारच्या बागेतल्या काकांनी लिंबाच्या खोडावर बसलेला असाच एक मला दाखवला. ते म्हणाले, "भाऊ, हा त वाळलं पान वाटते. मंग संत्र्याले भोक कसं पाडते?"

"काका, पान वरून आहे," मी म्हटलं. "सोंड बघा त्याची."

बहुतेक पतंगांची सोंड म्हणजे गुंडाळलेली मऊ नळी. फुलातला मध तिला चालतो, संत्र्याची साल नाही. रस शोषणाऱ्या या पतंगाच्या, म्हणजे युडोसिमाच्या सोंडेचं टोक मात्र कडक, गडद आणि टोकदार असतं, त्यावर मागे वळलेले दाते असतात. सोंड मुळात दोन अर्ध्या भागांची जुळलेली. हे दोन भाग आळीपाळीनं पुढेमागे सरकतात, दाते सालीत रुततात आणि सोंड आत शिरते. काकांनी भिंगातून बराच वेळ बघितलं. मग गवताच्या काडीनं मी पतंगाला जरा डिवचलं. त्यानं पुढचे पंख पुढे सारले आणि खालून मागच्या पंखांचा भगवा-नारिंगी रंग एकदम उघडा पडला. त्या नारिंगीवर मधोमध एक गोल काळा ठिपका होता, म्हणजे युडोसिमा मॅटर्ना. याच गटातला युडोसिमा फॅलोनिया असता तर ठिपक्याच्या जागी वाकडा, स्वल्पविरामासारखा काळा पट्टा दिसला असता. बसलेल्या पतंगाचा वरून काढलेला फोटो हा फरक कधीच दाखवत नाही, कारण तेव्हा मागचे पंख झाकलेले असतात.

यांच्या अळ्या संत्र्यावर वाढतच नाहीत. त्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, म्हणून कुंपणावरच्या या वेली काढून टाका असा सल्ला दिला जातो. मला तो पूर्ण पटत नाही. गुळवेल औषधाला लागते आणि तिच्यावर इतरही बरेच जीव जगतात. आधी गळालेली फळं रोजच्या रोज उचलून पुरावीत, कारण त्यांच्या वासाला पतंग येतात, आणि संध्याकाळी बागेत धूर करावा. एवढं नेटानं केल्यावरही भागलं नाही तर वेलींचा विचार करावा.

हॉक मॉथच्या बाबतीत पंखांपेक्षा पाठ आणि पोट जास्त बोलतात. थेरेट्रा ओल्डनलँडीच्या पोटावर मधोमध दोन चंदेरी रेघा शेजारी-शेजारी जातात, थेरेट्रा सिल्हेटेन्सिसच्या एकच. पंख दोघांचे फसवे. तिळाच्या शेतातला कवटीवाला, म्हणजे अकेरॉन्टिया, तर नावासकट भीती घेऊन आला आहे. ग्रीकांच्या पाताळातल्या नदीवरून याच्या एका जातीचं नाव स्टिक्स आणि आयुष्याचा धागा मोजणाऱ्या देवतेवरून दुसरीचं लॅकेसिस. पाठीवरची कवटी दोघांनाही असते, तिच्यावरून काही ठरत नाही. मागचा पंख बघावा. लॅकेसिसमध्ये त्याचा मुळाकडचा मोठा भाग काळा असतो, स्टिक्समध्ये पिवळा आणि त्यावर गडद पट्टे. हातात धरला तर तो उंदरासारखा चिरकतो. तो आवाज त्याच्या आखूड, जाड सोंडेतून येतो, घशात हवा ओढल्यानं. मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पिणारी सोंड तीच. गावात याला अपशकुनी समजून झाडूनं मारतात, ते बघून फार वाईट वाटतं. तो चावत नाही, डसत नाही, आणि त्याला आपल्याशी काही देणंघेणं नाही.

कान कुठे आहे हेही कुळ सांगतं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. वटवाघळाची हाक ऐकण्यासाठी पतंगांना कान आलेले आहेत, आणि ते वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या जागी आलेले आहेत. घाटेअळीच्या घराण्यात छातीच्या मागच्या भागात, मागच्या पंखाच्या मुळाजवळ, एक खळगी आणि तिच्यावर ताणलेला पडदा. जिओमेट्रिडी आणि पायरॅलिडींमध्ये तो पोटाच्या सुरुवातीला असतो. डोळ्यांचंही तसंच. ज्वारी-भातावरच्या लष्करी अळीच्या पतंगाच्या, मिथिम्नाच्या डोळ्यांवर बारीक केस असतात. स्पोडोप्टेराचे डोळे गुळगुळीत. दोघंही फिकट तपकिरी, दोघांच्याही अळ्यांना लोक लष्करी म्हणतात, आणि दोघं चादरीवर शेजारी बसलेले असतात. तिथे भिंग लावून डोळे बघणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

तरीही एक हद्द येते. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यावर अमेरिकन लष्करी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, भारतात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोचली. अळी ओळखणं सोपं होतं. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाजवळ चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, हे चित्र तेव्हा गावोगावच्या फलकांवर लागलं होतं. नर पतंगाच्या पुढच्या पंखाच्या टोकाला फिकट त्रिकोणी डाग असतो आणि मध्याजवळ तिरका, लांबट ठिपका. मादी मात्र अशी बेताची करडी की पंखांवरून शपथ घेता येत नाही. अशा वेळी पोट उघडावं लागतं. मेलेल्या पतंगाचं पोट वेगळं काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात, मांस विरघळतं, आणि उरतात ते जननांगांचे कडक, तपकिरी भाग. नरात दोन बाजूंच्या पाकळ्या, वरचा आकडा, मधली नळी. मादीत पिशवी आणि तिच्या भिंतीवर कधी काटेरी खूण. प्रत्येक प्रजातीत यांचे आकार वेगळे असतात आणि बहुतेक वादांचा निकाल इथे लागतो. सगळ्यांचा नाही. याच अळीचे मक्यावरचे आणि भातावरचे असे दोन वाण आहेत आणि ते बाहेरून, आतून कुठूनही वेगळे दिसत नाहीत. ते फक्त जनुकांतून कळतात.

हे कळल्यावर मला फोनमधल्या अ‍ॅपनं क्षणात सांगितलेल्या पूर्ण नावाची भूल पडत नाही. भारतात पतंगांच्या १० हजारांहून जास्त प्रजाती आहेत, फुलपाखरांच्या साधारण १,३०० ते १,४००. तपकिरी, रेघारेघांच्या जिओमेट्रिडीचे किती तरी गट असे आहेत की वरून काढलेल्या एका फोटोवरून त्यांची प्रजाती ठरवणं शक्यच नाही. तिथे नुसतं 'जिओमेट्रिडी' लिहून थांबणाऱ्या नोंदीवर माझा विश्वास बसतो. तिच्यात कुळ बरोबर असतं, गाव असतं, तारीख असते, आणि उद्या कुणी त्या गटावर काम करायला बसलं तर ती उपयोगी पडते. ठोकून दिलेलं नाव मात्र एका नकाशावरून दुसऱ्या नकाशावर जात राहतं आणि ते काढून टाकायला वर्षं लागतात.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात, २०१२ पासून. आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा असतो आणि चादर लावायला याहून चांगले दिवस नाहीत. अंधाऱ्या पक्षातली, वारा पडलेली, उकाड्याची रात्र निवडावी. फोटो काढताना वरून एक, बाजूनं एक ज्यात मिशी आणि डोळा स्पष्ट दिसेल, आणि जमलं तर काचेच्या बरणीत अलगद घेऊन खालून एक, ज्यात पंखांच्या खालची नक्षी आणि पायांवरचे काटे येतील. शेजारी मोजपट्टी ठेवावी. अभयारण्यात परवानगीशिवाय एकही कीटक उचलू नये, मेलेलासुद्धा. घराच्या दिव्याखाली सकाळी पडलेले पतंग अभ्यासाला पुष्कळ होतात.

आणि दिवा रात्रभर जळत ठेवू नये. उजेडाला धरलेला पतंग तिथून हलत नाही. तो ना जोडीदार शोधतो, ना अंडी घालतो. मध्यरात्रीच्या सुमाराला दिवा बंद करावा आणि फटफटायच्या आत चादर झुडपांजवळ नेऊन हलक्या हातानं झटकावी. नाही तर पहाटे कोतवाल आणि बुलबुल येऊन चादरीवरचे पतंग वेचून खातात. कोतवालाला ती जागा दोनच दिवसांत पाठ होते, म्हणून दुसऱ्या खेपेला चादर वेगळ्या भिंतीवर लावावी.